काका म्हणायचं काम नाही

५ डिसेंबर

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

क्वालिटीच्या मीटिंगमध्ये चेला मला 'काका' म्हणाला. सगळ्यांसमोर. काका, या लॉटबद्दल तुमचं काय मत, असं.

चेला म्हणजे आमच्या डिपार्टमेंटचा नवा हेड. गेल्या महिन्यात झाला. ती खुर्ची खरं तर माझी. पण मी मार्चअखेर रिटायर होणार, म्हणून चार-पाच महिन्यांसाठी नको असं मॅनेजमेंटचं मत पडलं म्हणे. असो. ताडपत्री उजेडासमोर कशी धरायची, सुईएवढं भोक कसं हेरायचं, पाण्याची टेस्ट कशी लावायची, हे सगळं याला मी शिकवलं. नोकरीला लागला तेव्हा गड्याला ताडपत्रीची उलटी-सुलटी बाजू कळत नव्हती. तेव्हापासून परवा-परवापर्यंत 'सर' म्हणत होता. खुर्ची मिळाली आणि सरांचा काका झाला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. हसले नाहीत, म्हणजे सगळ्यांना ते बरोबर वाटलं. मी मत दिलं नाही. लॉट पास झाला.

ठराव: याची जिरवायची. कशी, ते उद्या ठरवू.

६ डिसेंबर, सकाळी

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, साठाव्या वर्षी तुम्हाला त्याने बाळ म्हणावं का. विषय तिथेच सोडला. या घरात अपमानाला किंमत नाही.

तिलाही तो हल्ली काकू म्हणतो. इतकी वर्षं मॅडम म्हणायचा. बढतीची बातमी द्यायला घरी आला होता तेव्हापासून काकू. तिला चालतं. तिला काय, काहीही चालतं.

९ डिसेंबर

साथ पसरली. अकाउंट्समधला कारकून. कॅन्टीनवाला. आज तर कुरियरवाला. काका, इथे सही करा.

आमच्या धंद्यात डाग पुसत बसायचं नसतं, भोक शोधायचं असतं. भोक मला माहीत आहे. ते केबिनमध्ये बसतं आणि एसी लावतं.

१३ डिसेंबर

उपाय सापडला. उपाय क्रीम कलरचा आहे.

जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात, दोन डिलिव्हरी व्हॅनच्या मध्ये उभी होती. कन्व्हर्टिबल. बटण दाबलं की कापडी टप आपोआप घडी होऊन मागे जातो. गाडीचं वय एकोणीस, पण वाटत नाही. विकणारा माणूस चार भिंतींच्या आत गॉगल लावून बसतो, म्हणून त्याला मी गॉगल म्हणतो. पण माणूस सभ्य. वाक्यागणिक सर. सर, बसून तर बघा. सर, ही गाडी कोणालाही शोभत नाही. सर, तुम्हाला शोभते.

बसलो. आरशात पाहिलं. असल्या गाडीतून उतरणाऱ्या माणसाला काका म्हणायची कोणाची छाती होणार नाही.

१४ डिसेंबर

घेतली. आमची जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये दिली. ती कधी रस्त्यात बंद पडली नाही हे खरं, पण तिच्यात बसलेला माणूस काकाच दिसायचा.

टप उघडून दाखव म्हणालो तर गॉगल म्हणाला, सर, बॅटरी जरा उतरलीये. मग त्याने टप हाताने अर्धा उचलला आणि परत ठेवला. आधीच्या मालकाने टप फारसा उघडलाच नाही म्हणे. म्हणजे नव्यासारखाच.

आता योजना. ३१ मार्चला माझा निरोपाचा कार्यक्रम. तो संपला की सगळे आवारात येणार, मालकसुद्धा. मी काही न बोलता गाडीत बसणार आणि बटण दाबणार. टप सावकाश मागे जाणार. लोकांची तोंडं उघडी. चेला पुढे येऊन दार धरणार, आणि त्याच्या तोंडून आपोआप 'सर' निघणार. सगळ्यांसमोर. मला त्याच्याकडून बाकी काही नको, एवढा एक शब्द परत हवाय. तो घेतल्याशिवाय मी त्या कंपनीतून बाहेर पडणार नाही.

बायको खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेली. मागे कोण बसणार, विचारलं. मागची सीट दोन पर्सपुरती आहे हे मान्य. टप उघडतो म्हणून सांगितलं तर म्हणाली, मला वाळत घालायचा विचार आहे का.

१६ डिसेंबर

गाडी कंपनीत नेली. टप मुद्दाम बंद ठेवला. हुकमाचा पत्ता पहिल्याच डावात टाकायचा नसतो. शिवाय बटण दाबून काही होत नव्हतं.

चेला धावत बाहेर आला. काका, काय गाडी आहे, काय गाडी आहे, करत बॉनेटवरून हात फिरवला. वाकून चाकं पाहिली. खिडकीतून आत डोकं घातलं. किती जळत असेल माणूस. जरा बसून बघू का म्हणाला. सीट ओली आहे म्हणून टाळलं.

सीट खरंच ओली होती. का असावी?

१८ डिसेंबर, रविवार

गळती शोधायची तर आपल्या पद्धतीने. कंपनीची स्टँडर्ड टेस्ट घेतली. टपावर पाण्याची नळी लावून ठेवली, सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत. मधे मधे निरीक्षण. बायको चहाचा कप घेऊन खिडकीत उभी होती. कप संपला तरी हलली नाही.

निकाल: टप फेल. गळती पाच ठिकाणी. आत घोट्यापर्यंत पाणी.

दोष सापडला म्हणजे निम्मं काम झालं. उद्यापासून दुसरं निम्मं.

१९ डिसेंबर

गाडी चालू होत नाही. आतला दिवा बंद होत नाही. हॉर्न मधूनच आपला आपण वाजतो. शेजाऱ्यांनी विचारलं, काका, कोणाला बोलावताय का.

शेजाऱ्यांचं नंतर बघू. आधी चेला.

२१ डिसेंबर

मेकॅनिक येऊन गेला. याला एकच शब्द येतो, बघू. वायरिंग बदलावं लागेल का? बघू. मार्चपर्यंत होईल ना? बघू. आत एवढं पाणी कुठून आलं, असं त्याने विचारलं. मी टेस्टबद्दल सविस्तर सांगितलं. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. टो करून घेऊन गेला.

३१ डिसेंबर

नव्या वर्षाचे संकल्प. एक, चेल्याशी कामापुरतं बोलायचं. दोन, काका अशा हाकेला ओ द्यायची नाही, मग आग लागली तरी. तीन, रोज सकाळी फिरायला जायचं.

१ जानेवारी

गाडी नसल्यामुळे बसस्टॉपपर्यंत चालावं लागतं. तिसरा संकल्प त्यात धरला.

३ जानेवारी

चेल्याने दारातून काका काका म्हणून तीन हाका मारल्या. ढिम्म हललो नाही. नजर कागदावर. गेला बिचारा. नंतर मीटिंगला गेलो तर हॉलमध्ये मी एकटा. मीटिंग सकाळी घेतली होती. तेच सांगायला आला होता म्हणे. म्हणजे मला वगळण्याचा डाव किती आधीपासून शिजला असेल.

१० जानेवारी

गाडी आली. चालू आहे. पुढचे दोन दिवे एकाच दिशेला बघत नाहीत, पण रात्री मला कुठे जायचंय?

टपाचं कापड मात्र नवीन लागणार. ते बाहेरून मागवावं लागतं, असं मेकॅनिक म्हणाला. मला हसू आलं. ज्याचा जन्म ताडपत्रीत गेला त्याने कापड मागवायचं? ट्रकवर घालतो ती आमची सगळ्यात जाड क्वालिटी आहे, ती लावणार. गारा पडू देत, झाड पडू दे.

स्टोअरमधून कापड घ्यायला हेडची सही लागते. म्हणजे चेल्याच्या दारात उभं राहणं आलं. राहिलो. लगेच सही केली, वर म्हणाला, काका, रिजेक्टमधलं घेऊ नका, चांगल्यातलं घ्या, मी लिहून देतो. मग म्हणाला, पण एवढं जाड कापड घडी होईल का?

मी सही मागायला आलो होतो, सल्ला मागायला नाही, असं त्याला ऐकवलं. गुरूची विद्या गुरूलाच शिकवतो.

१५ जानेवारी, रविवार

टप बसवला. ताडपत्री जोडायची गरम हवेची गन आणली होती. एकट्याने होणारं काम नाही हे कापडाचं दुसरं टोक हातात आल्यावर कळलं. तेवढ्यात चेला हजर. बोलावलं नव्हतं. स्वतःची गन घेऊन आला. दुपारपर्यंत उन्हात उभं राहून त्याने कापड ताणून धरलं, कोपरे जोडले. सांधा एकसारखा आला. येणारच, शिकवलं कोणी?

घडीचं पुन्हा एकदा बोलला. मी गनचा आवाज वाढवला.

बायकोने त्याला जेवायला वाढलं. काकू, अजून थोडं, असं करत दोनदा घेतलं. माझ्या ताटापेक्षा त्याच्या ताटाकडे हिचं लक्ष जास्त. हेही लक्षात ठेवणार आहे.

जाताना म्हणाला, पुढच्या रविवारी येतो, बॅटरीचं बघू. आता बघू म्हणणारे दोन झाले.

२२ जानेवारी, रविवार

टपाची पाण्याची टेस्ट पुन्हा घेतली. एक थेंब आत नाही. पास. चेला टाळ्या वाजवत होता. मी फक्त मान हलवली.

दुपारी बटण दाबलं. मोटरने आवाज केला. टप वीतभर उचलला गेला, थरथरला, आणि तसाच राहिला. मग जळका वास आला.

आमच्या ट्रक-क्वालिटीची खासियतच ती आहे. मुडपत नाही, चुरगळत नाही, वादळातही ताठ. जाहिरातीत तसं छापलंय, वाक्य माझंच आहे. म्हणजे माल उत्तमच आहे. बटण कमी पडतं.

चेल्याने धावत येऊन बॅटरीची वायर काढली.

२ फेब्रुवारी

गाडी बंद.

३ फेब्रुवारी

गाडी चालू. हॉर्न बंद.

४ फेब्रुवारी

हॉर्न चालू. थांबत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीने भेटायला बोलावलंय.

१२ फेब्रुवारी, रविवार

आता वेगळीच भानगड. गाडी धुताना दारातून आत आलेलं पाणी बाहेर जात नाही. मी गाडी एवढी घट्ट बंद केली आहे की ओल आतच राहते. आज मागच्या कार्पेटवर दोन अळंबी उगवलेली दिसली. बायकोने विचारलं, खायची आहेत की शोभेची.

चेला आला होता. गुडघ्यांवर बसून कार्पेट काढलं, गच्चीत नेऊन वाळत घातलं. नंतर तो आणि बायको चहा घेत बराच वेळ हसत होते. मी गेल्यावर हसणं थांबलं नाही, उलट मलाही चहा दिला. कट असता तर थांबले असते. पण हल्लीचे कट पुढारलेले असतात.

२१ फेब्रुवारी

गॉगलकडे गेलो होतो. जाब विचारायला. आता 'सर' म्हणत नाही. काका, जुनी गाडी म्हणजे जुनी गाडी, असं म्हणाला.

गॉगलचं नाव यादीत टाकलं. चेल्याच्या खाली, सेक्रेटरीच्या वर.

९ मार्च

आज लिहायचं नव्हतं, पण उद्या कोणी वेगळं सांगायला नको.

बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू. सकाळी वेळेत निघालो. हॉस्पिटलच्या अलीकडच्या चौकात गाडी बंद पडली. टप उघडत नाही, दारं लॉक, खिडकीची काच निम्म्यावर अडकलेली. ऊन डोक्यावर आणि ताडपत्रीखाली आम्ही दोघं. बायको म्हणाली, ऑपरेशन राहू दे, मला आधी इथून बाहेर काढा. मग मी खिडकीतून बाहेर आलो आणि तिलाही काढलं. लोक बघत होते. एकाने हात दिला आणि काकू, डोकं सांभाळा म्हणाला.

डॉक्टरांची वेळ चुकत होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी. चेल्याला फोन केला.

कामावरून तसाच आला, त्याच्या त्या करड्या डब्यासारख्या गाडीतून. बायकोला घेऊन गेला. मी गाडीपाशी थांबलो, कोणीतरी थांबायला हवंच होतं. ऑपरेशन होईपर्यंत तो तिथे बसून राहिला, औषधं घेतली, तिला घरी आणून सोडलं, डोळ्यात थेंब कधी घालायचे ते कागदावर लिहून फ्रिजला लावून गेला. मी टो-वाल्याबरोबर पोचलो तेव्हा ती झोपली होती.

संध्याकाळी म्हणाली, मुलगा चांगला आहे हो. मी म्हणालो, त्याची हीच पद्धत आहे. आधी केबिन घेतली, आता घर घेतोय. तिने दुसरा डोळाही मिटून घेतला.

उपकार करून मला गप्प बसवायचा हा प्रकार आहे. मी बसणार नाही. जिरवायची म्हणजे जिरवायची.

१२ मार्च, रविवार

तोडगा निघाला, आणि इतका सोपा की आधी कसा सुचला नाही कळत नाही. टप कापून टाकला. जो टप नाहीच, तो गळणार कसा आणि अडकणार कसा? ३१ तारखेला टप उघडा दिसायला हवाय ना? तो आता चोवीस तास उघडा आहे.

सांगाडा हाताने मागे ढकलला की बसतो. चेल्याने एका बाजूने ढकलला, मी दुसऱ्या. कापलेली ताडपत्री फेकायची का विचारलं त्याने. ठेव म्हणालो. रात्री गाडीवर घालायला.

१७ मार्च

उघड्या गाडीतून कंपनीत जातोय. बघतात लोक. परवा सिग्नलला बसमधल्या बाई डोक्यावर टोपी घाला म्हणाल्या. तोंड भाजून निघालंय, नाकाची साल जातेय. आज कॅन्टीनवाल्याने विचारलं, काका, ताप आहे का.

चेल्याने स्वतःची शेडमधली पार्किंगची जागा मला दिली. गाडीला छप्पर नाही, उन्हात सीट फाटेल, म्हणाला. त्याचा डबा आता बाहेर उन्हात उभा असतो.

शत्रूने जमीन सोडली. विजयाची ही सुरुवात समजायची.

२४ मार्च

निरोपाच्या उत्तराचं भाषण लिहून झालं. आधी जुन्या मशीनवर काम कसं चालायचं ते थोडं. मग मालकांचे आभार. आणि शेवटी मुख्य भाग: मी इथे कोणाचा काका म्हणून आलो नव्हतो. ज्यांना मी बोट धरून शिकवलं, त्यांनी खुर्ची मिळताच मला काका केलं. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की मी त्यांचा काका नाही. मी कोणाचाच काका नाही.

यावर शांतता. मग बाहेर. मग गाडी. मग 'सर'.

कोणाचाच या शब्दावर जोर द्यायचा. आरशासमोर सहा वेळा म्हटलं. दर वेळी अंगावर काटा आला.

३० मार्च

बायकोने भाषण ऐकलं. बाहेरून, दार लोटलेलं होतं. आत आली आणि म्हणाली, हे बोलू नका.

का म्हणून विचारलं. मग तिने सांगितलं. चेल्याचे वडील तो लहान असतानाच गेले. त्याला वाढवलं त्याच्या काकांनी. ते गेल्या वर्षी वारले. बढतीची बातमी घेऊन घरी आला त्या दिवशी मी अंघोळीला गेलो होतो. त्याने दारातच तिला विचारलं, मॅडम, ही बातमी ज्यांना आधी सांगायची ते आता राहिले नाहीत, सरांना मी काका म्हटलं तर रागावतील का? ती म्हणाली, रागावतील कशाला, त्यांना आनंदच होईल. मग तो म्हणाला, आणि तुम्हाला काकू?

ती म्हणे, आपल्याला तरी काका-काकू म्हणणारं दुसरं कोण आहे.

हे तिने डिसेंबरमध्येच सांगायला हवं होतं. सांगत होते, म्हणाली, तुम्ही गाडी धूत होतात.

आता काय करणार? भाषण पाठ झालंय. मालकांना वेळ कळवलीये. शिवाय असल्या गोष्टींनी विरघळायला मी कालचा नाही. ज्याला काका हवाय त्याने तो आपल्या घरी शोधावा, मीटिंगमध्ये नव्हे.

झोप येत नाही. उद्या टप नसल्यामुळे बटण दाबायचं की नाही हे ठरवायचं राहिलंय.

३१ मार्च, सकाळी

गाडी पुसली. बटण दाबायचं. सवय म्हणून.

३१ मार्च, संध्याकाळी

बोललो.

ठरल्याप्रमाणे सगळं. कोणाचाच या शब्दावर जोरही बरोबर पडला. मालकांनी घड्याळ पाहिलं. अकाउंट्समधला कारकून खाली बघत होता. पहिल्या रांगेत बायको काळा चष्मा लावून बसली होती, त्यामुळे तिचं काही कळलं नाही.

माझ्यानंतर चेला आभार मानायला उभा राहिला. हातात कागद होता. तो त्याने घडी करून खिशात घातला. म्हणाला, सरांनी आम्हाला खूप शिकवलं. सरांचे मनापासून आभार. आणि खाली बसला.

'सर' म्हणाला. दोनदा. माइकवर. सगळ्यांसमोर. जिंकलो.

मग आवारात आलो. सगळे आले. गाडीत बसलो, किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा सेल्फ मारला. नुसती टिकटिक. बटण दाबून पाहिलं, मागे सांगाडा किंचित हलला आणि एक नट खाली पडला. मग सगळ्यांनी मिळून ढकलली. चेलाही ढकलत होता, डाव्या बाजूने, मान खाली घालून. मी स्टेअरिंग धरून पुढे बघत होतो. गोडाऊनच्या भिंतीपर्यंत गेली, तिथे चढ आहे. तिथेच ठेवली.

चेला घरी सोडतो म्हणाला नाही. टॅक्सीने आलो.

१ एप्रिल

पहिला मोकळा दिवस. आनंदी आहे.

२ एप्रिल, रविवार

सकाळी बायकोने चहा तीन कप टाकला. एक ओतून दिला.

त्याने येण्याचं कारणच नव्हतं म्हणा. गाडी इथे नाहीच.

५ एप्रिल

शेजारी आज काका म्हणाले. वळून पाहिलं आणि ओ दिली.

९ एप्रिल, रविवार

बायको दाराच्या आवाजाकडे कान लावून बसते. चष्मा काढला की तिला लांबचं स्वच्छ दिसतं आता. तो फ्रिजला लावून गेलेला कागद काढतो म्हणालो तर नको म्हणाली, थेंब अजून महिनाभर घालायचेत.

तिला समजावलं की त्याला काम वाढलं असेल. मी नाहीये ना.

१२ एप्रिल

गाडीचं काय ते बघायला कंपनीत गेलो. गेटवर नवा वॉचमन. सर, कोणाकडे जायचंय, म्हणाला. सर, इथे लिहा. व्हिजिटर म्हणून लिहिलं.

गाडी भिंतीपाशीच होती. आत पाला साठलेला. तिच्यामुळे ट्रकला वळता येत नव्हतं, ड्रायव्हर शिव्या घालत होता. कोणाची आहे त्याला माहीत नव्हतं.

चेला गोडाऊनमधून बाहेर येत होता. मला पाहून आला. उभा राहिला, थोडा लांब. नमस्कार सर, म्हणाला. कसे आहात सर. उद्धटपणा नाही, टोमणा नाही, उच्चार स्वच्छ. मालकांशी बोलतो तसाच. मग म्हणाला, सर, गाडीचं काय ठरवलंत ते तेवढं कळवा. घाई नाही, पण इथे माल उतरतो.

मला काहीतरी म्हणायचं होतं. वाटेत जुळवून ठेवलं होतं. एका ताडपत्रीच्या गठ्ठ्याकडे बघून मी म्हणालो, सांधा नीट आलाय. तो म्हणाला, हो सर.

मेकॅनिकला तिथूनच फोन केला, गाडी घेऊन जा म्हणालो, देशील ते दे. पहिल्यांदाच बघू म्हणाला नाही.

निघताना चेल्याने विचारलं, मॅडम बऱ्या आहेत ना.

बऱ्या आहेत, म्हणालो.

घरी आलो तर बायको दारातच. भेटला का? भेटला. काय म्हणाला, माझं काही विचारलं का? विचारलं ना, म्हणालो. काकू कशा आहेत, म्हणाला.

तिला बरं वाटलं. रविवारी येतोय का म्हणाली. कामात आहे सध्या, म्हणालो. मग ती खुर्चीत मान मागे टाकून बसली आणि मी तिच्या डोळ्यात थेंब घातले.